वाबळे सरांचा उंचवटा

आमच्या कॉलेजच्या बेसबॉल स्टेडियमवर लग्न करायचं असेल तर वर्षभर आधी नंबर लावावा लागतो. तुळशीची लग्नं आटोपली की तिथे रोज मांडव. कमानीवर मोठ्या अक्षरांत 'बेसबॉल स्टेडियम' असं लिहिलंय आणि कमानीच्या खांबावर, जरा बारीक अक्षरांत, 'मैदानात चेंडू आणू नये'. दोन्ही पाट्या संस्थेच्याच, एकाच पेंटरने एकाच दिवशी रंगवलेल्या. बाहेरगावचे वऱ्हाडी कमानीखाली फोटो काढतात आणि विचारतात, हे बेसबॉल काय प्रकरण आहे? यजमान सांगतात, पूर्वी इथे काहीतरी खेळ चालायचा.

डाव्या हाताला पार्किंगजवळ एक संगमरवरी घुमटी आहे. ते मैदानबाबा. नवरा-नवरी बोहल्यावर चढण्याआधी तिथे पाया पडून येतात. शेजारी काळ्या फरशीवर स्टेडियमचा इतिहास कोरलाय. त्यात बाबा आहेत, संस्थेचे सरचिटणीस भाऊसाहेब आहेत, देणगीदार आहेत, आणि अगदी खाली 'आद्य सेवक : दत्तात्रय वाबळे' अशी एक ओळ आहे. ज्या माणसाने जन्मात कुठल्या देवाला हात जोडले नाहीत, त्याला दगडात कोरून सेवक केलंय. हे फक्त शिक्षणसंस्थाच करू शकते.

वाबळे सर आमचे क्रीडा संचालक. मूळचे विंचूरचे. गावात एका बाजूला कांद्याचा बाजार आणि दुसऱ्या बाजूला वाइनचे कारखाने, त्यामुळे "आमच्या गावात रडायची बी सोय हाय आन् रडणं विसरायची बी" असं ते नव्या माणसाला पहिल्या भेटीत सांगायचे. दुसऱ्या भेटीतही सांगायचे. मी अर्थशास्त्र शिकवते. चेंडूशी माझा संबंध शाळेतल्या लगोरीपुरता. पण जिमखाना समितीवर एक महिला प्राध्यापक हवी असा नियम निघाला, आणि नाव ठरवायची बैठक झाली त्या दिवशी मी रजेवर होते. तेव्हापासून वाबळे सर माझ्या वाट्याला आले.

माणूस ओळखायची त्यांची एकच रीत होती. खांदा. समोरचा काय बोलतोय याकडे लक्ष न देता ते त्याच्या उजव्या खांद्याकडे बघत राहायचे आणि तो गेला की निकाल द्यायचे. प्राचार्यांबद्दल मत, "खांदा बंद हाय साहेबांचा." माझ्याबद्दल, "मॅडम, तुमचा खांदा उघडा हाय, पन तुम्ही वापरीत नाय." पुतणीसाठी सिन्नरला मुलगा बघायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, कंपनीत कायम हाय, पन खांदा पुढं पडतो. संसारात दमंल." घरच्यांनी त्यांना बाजूला बसवून लग्न उरकलं. संसार छान चाललाय. सरांना आठवण करून दिली की म्हणायचे, "आजून घाई नका करू."

दुसरी वस्तू म्हणजे शिट्टी. ती गळ्यात कायम, लग्नात सुटावर, परीक्षेत सुपरव्हिजनला. एकदा कॉलेजच्या जुन्या कारकुनांची शोकसभा होती. दोन मिनिटं मौन पाळायचं होतं आणि ते सुरू करायला कुणी पुढे होईना. सरांनी शिट्टी वाजवून मौन सुरू केलं आणि शिट्टी वाजवून संपवलं. वर म्हणाले, "दोन मिनटं म्हंजे दोन मिनटं. यांची नेहमी एकातच उरकती." दिवंगतांचा मुलगा रडता रडता हसला, ते प्राचार्यांना आवडलं नाही.

देवाधर्माच्या बाबतीत सर भयंकर होते. भयंकर अशासाठी, की त्यांना नुसतं न मानून पुरत नसे, दुसऱ्यालाही मानू द्यायचं नसे. ऑफिसात दरवर्षी सत्यनारायण व्हायचा. सर पूजेकडे पाठ करून बसायचे आणि प्रसादाच्या वेळी खुर्ची फिरवायचे. "शिऱ्याशी माजं भांडण नाय," म्हणून दोन द्रोण संपवायचे. शनिवारी कॉलेजच्या बसला ताजं लिंबू-मिरची टांगलं, की सर ते लिंबू सोडवून कॅन्टीनमध्ये पोह्यांवर पिळून घ्यायचे. बसचा ड्रायव्हर बिचारा दर शनिवारी दोन लिंबं आणायला लागला, एक बससाठी आणि एक सरांसाठी. स्टाफरूममध्ये कुणी पत्रिका, मुहूर्त असा शब्द काढायची खोटी, सरांचं तासभर व्याख्यान सुरू. ऐकणाऱ्याचं मतपरिवर्तन कधी झालं नाही. तास मात्र बुडाला.

आता बेसबॉल. क्रिकेटमध्ये आमचं कॉलेज पहिल्या फेरीत हरायचं आणि कबड्डीत त्याच्याही आधी, म्हणजे गाडी चुकून. अशात सर कुठल्याशा प्रशिक्षण शिबिराला गेले आणि बेसबॉल शिकून आले. त्यांचा हिशेब सरळ होता. "ज्या खेळात लय कोनी नाय, तिथं आपला नंबर लवकर लागतो." बाजारपेठेची ही समज मला माझ्या पुस्तकांतही इतकी स्वच्छ सापडली नव्हती. मुलं क्रीडागुणांसाठी आली, खेळाडू कोट्यातून नोकरी मिळेल म्हणून आली. सरांना ते माहीत होतं. ते फक्त म्हणायचे, "मार्कासाठी ये, पन बूट घालून ये." गंमत अशी झाली, की मुलं मार्क घेऊन निघून गेली आणि सर त्या खेळाच्या प्रेमात पडून मागे राहिले.

जागा होती वसतिगृहामागची, खडकाळ. संस्थेच्या जुन्या बस आणि मोडकी बाकं तिथे टाकलेली असायची. सरांनी ती मुलांकडून साफ करून घेतली. फलंदाजाच्या मागे चेंडू अडवायला मोठी जाळी लागते. तिला संस्थेने पैसे दिले नाहीत, तेव्हा सरांनी विंचूरहून मोडलेल्या द्राक्षबागेचे लोखंडी अँगल आणले, तारा ताणल्या आणि पाखरांपासून घड राखायची जाळी त्यावर चढवली. रस्त्यावरून जाणारे शेतकरी गाडी थांबवून विचारायचे, "सर, कोणती व्हरायटी लावताय?" सर गंभीरपणे सांगायचे, "बिनबियांची."

पण त्यांचा खरा जीव होता मधल्या उंचवट्यात. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, मैदानाच्या मध्ये एका मातीच्या उंचवट्यावर उभा राहून टाकतो. वरून खाली टाकल्याने चेंडूला जोर येतो. पाहणाऱ्याला तो नुसता मातीचा ढीग वाटेल, पण पुस्तकात त्याची उंची आणि उतार ठरवून दिलेला असतो. सरांनी तो स्वतःच्या हातांनी रचला. तळाला वसतिगृहाच्या पाडलेल्या मोरीचे विटांचे तुकडे, त्यावर मुरूम, आणि सगळ्यात वर स्वतःच्या शेतातली काळी माती, कांद्याच्या पिकअपमधून आणलेली. रोज पहाटे येऊन त्यावर झारीने पाणी मारायचे, धुम्मसाने ठोकायचे, बूट काढून अनवाणी फिरायचे. "टाचेला ओल कळती," असं त्यांचं म्हणणं. मग भोवती पांढऱ्या फक्कीची गोल रेघ आखायचे. त्या रेघेच्या आत पिचरशिवाय कुणी पाय ठेवला, की शिट्टी. एकदा प्राचार्य मोबाइलवर बोलता बोलता उंचवट्यावर चढले होते. शिट्टी इतकी जोरात वाजली की त्यांच्या हातातला मोबाइल पडला आणि पलीकडचा माणूस शिक्षणाधिकारी निघाला.

मैदानाच्या उद्घाटनाला भाऊसाहेब आले होते. संस्थेत त्यांचा शब्द शेवटचा असतो आणि पहिलाही तोच असतो. नारळ फोडायचा ठरलं. सरांचा अर्थातच विरोध होता, पण तो बैठकीतच फोडला गेला. भाऊसाहेबांनी विचारलं, "ष्टंप कुठंय?" ष्टंप नसतात म्हटल्यावर जमिनीत बसवलेली पांढरी पाटी त्यांना दाखवली. फलंदाज तिच्यापाशी उभा राहतो. ती रबराची असते हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. भाऊसाहेबांनी नारळ आपटला, नारळ उसळून त्यांच्या छातीवर आला. दुसऱ्यांदा जोर लावला, नारळ त्याहून वर गेला. फोटोग्राफर चेहरा सरळ ठेवून फोटो काढत राहिला. शेवटी सर बॅट घेऊन पुढे झाले. "साहेब, तुम्ही नुसता वर उडवा." भाऊसाहेबांनी का ऐकलं देव जाणे, पण उडवला. सरांनी बॅट फिरवली. पाणी भाऊसाहेबांच्या सफारीवर, खोबरं व्यासपीठावरच्या पाहुण्यांच्या मांडीत. त्या दिवसापासून भाऊसाहेबांना बेसबॉल म्हटलं की छातीत कळ यायची.

संघाचा पिचर म्हणजे सुरगाण्याकडचा गावित, एम. ए.चा विद्यार्थी. वसतिगृहाचे रेक्टर त्याला कॉलर धरून जिमखान्यात घेऊन आले होते. तक्रार अशी, की हा दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दगड मारून आंब्याच्या कैऱ्या पाडतो. सरांनी विचारलं, "कैरी फुटती का?" रेक्टर म्हणाले, "नाही हो, देठावर मारतो, कैरी अख्खी पडते." सर उठून उभे राहिले. गावितच्या खांद्यावर हात ठेवला, दाबून पाहिला, आणि मी सोळा वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं. "मॅडम," म्हणाले, "हा सताड उघडा हाय."

तर असं सगळं बरं चाललेलं असताना आमच्या रस्त्यावर लॉन्स उगवायला लागली. लॉन्स म्हणजे लग्नाची मोकळी मैदानं. द्राक्षाच्या बागा मोडून, भाताची खाचरं बुजवून, रांगेने. भाऊसाहेबांनी रोज येता-जाता ती पाहिली आणि सरांना बोलावून घेतलं. मी समितीची सदस्य म्हणून शेजारी बसले होते.

"वाबळे, मैदान वर्षातले आठ महिने रिकामं असतं."

"रिकामं नाय साहेब, रोज सराव असतो."

"अहो, म्हणजे रिकामंच ना. लोक जागेसाठी वणवण फिरताहेत. संस्थेने समाजाचा विचार करायचा नाही तर कुणी करायचा? तुमचा तो मधला उंचवटा तेवढा काढून टाका. मांडवाचा खांब वाकडा बसेल तिथं."

सर म्हणाले, उंचवटा गेला तर खेळ गेला. भाऊसाहेब म्हणाले, सपाटीवर खेळा की, क्रिकेटवाले खेळतातच. सरांनी अर्ज केले. विद्यापीठाला, खेळाच्या संघटनेला, माजी विद्यार्थ्यांना. माजी विद्यार्थ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठे पाठवले. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या सोमवारी जेसीबी येणार असं नक्की झालं. त्या आठवड्यात सर कुणाच्या खांद्याकडे बघेनासे झाले. सरावाला उभे राहायचे आणि शिट्टी वाजवायची विसरायचे. मला वाईट वाटलं. त्यांच्या उर्मटपणाचा मला अनेकदा वैताग आला होता, पण एवढ्या गप्प वाबळे सरांची सवय नव्हती.

मैदानाच्या कडेने रोज सकाळी आसपासच्या कॉलनीतले लोक फिरायला यायचे. त्यांच्या पुढारी शिरसाठ काकू, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. चालायच्या हळू, पण मागचे पुढे गेलेले त्यांना खपायचे नाहीत. जेसीबीच्या आदल्या सकाळी सर नेहमीप्रमाणे अनवाणी, झारी घेऊन, फक्कीची गोल रेघ आखत होते. काकू थांबल्या. इतकी वर्षं मनात असलेला प्रश्न त्यांनी त्या दिवशी विचारला. "सर, ही समाधी कुणाची हो?"

एरवी या प्रश्नावर काकूंना तासभर उभं राहावं लागलं असतं आणि दोन पिढ्यांची अंधश्रद्धा काढून घेतली गेली असती. सरांनी झारी खाली ठेवली आणि म्हणाले, "जुनी हाय."

एवढंच. मला त्यांनीच कॅन्टीनमध्ये सांगितलं. "खोटं नाय बोललो मी. पंधरा-सोळा वर्सं म्हंजे जुनीच."

सोमवारी जेसीबी आला. तोपर्यंत उंचवट्यावर झेंडूचे तीन हार, एक पणती आणि शिरसाठ काकू, एवढी मंडळी जमली होती. ड्रायव्हर सटाण्याकडचा. त्याने वरूनच हार पाहिले, इंजिन बंद केलं, खाली उतरून चपला काढल्या, हात जोडले. ठेकेदार ओरडायला लागला तेव्हा म्हणाला, "मी हात लावाव नही साहेब. मना घर पोरं शेतस." घरी लेकरंबाळं आहेत, म्हणे. ठेकेदाराने भाऊसाहेबांना फोन लावला. संस्थेची निवडणूक तोंडावर होती आणि कॉलनीत सभासद भरपूर. भाऊसाहेब म्हणाले, राहू द्या. सरांनी त्या दिवशी आख्ख्या स्टाफला चहा पाजला. त्या शनिवारी बसवरचं लिंबूही शिल्लक ठेवलं.

मग जे व्हायचं ते सुरू झालं. आधी उदबत्त्या, मग घंटा, मग गुरुवारची आरती. नाव पडलं मैदानबाबा. बाबांचं चरित्र आपोआप वाढत गेलं. कुणी म्हणे पैलवान होते, कुणी म्हणे जुन्या एका सिंहस्थाला आलेले साधू, शाही स्नान झाल्यावर परत गेलेच नाहीत. सरांना सुरुवातीला याची मजा वाटली. आपण उंचवट्याला फुकटचा पहारेकरी ठेवला, असं त्यांना वाटत होतं. सराव चालू होता. फक्त काकूंनी अट घातली, की बाबांवर बूट घालून चढायचं नाही. गावित अनवाणी टाकू लागला. टाचेला ओल कळून असेल किंवा बूटच चावत असतील, पण तो आधीपेक्षा चांगलं टाकायला लागला आणि त्या वर्षी आमचं कॉलेज विद्यापीठात पहिलं आलं. संघ ढोल वाजवत परत आला. काकूंच्या मंडळाने मोठा हार आणला होता. सर मान पुढे करून उभे राहिले. हार त्यांच्यासमोरून गेला आणि उंचवट्यावर पडला.

"मॅडम," सर मला म्हणाले, "घसा माजा बसला आन् हार त्याला."

"सर, तो म्हणजे कोण? तिथे कुणी नाहीये."

"तेच म्हन्तो ना मी."

विजयाची बातमी आली, तिच्यात बाबांचं नाव आलं आणि देणगीदार आले. ज्या माणसांनी जाळीसाठी कधी दमडी काढली नव्हती, ती आता फरशी, रेलिंग, घुमट वाटून घ्यायला लागली. भाऊसाहेबांच्या छातीतली कळ थांबली. त्यांनी मैदानाचं नूतनीकरण जाहीर केलं. कमान, पाहुण्यांसाठी सोफ्याची गॅलरी, रात्रीचे दिवे, आणि मधोमध उंचवट्यावर ग्रॅनाइटचा चौथरा, त्यावर घुमट. भूमिपूजनाआधी सभा घेतली. व्यासपीठावर नकाशा लावला होता. बेसबॉल स्टेडियमच्या त्या नकाशात चेंडू कुठून टाकायचा आणि कुठे मारायचा, याला जागा नव्हती.

सर सभेत उठले. शिट्टी वाजवली, त्यामुळे सगळे गप्प झाले. म्हणाले, "ती समाधी नाय. खाली कोनी नाय. ती माती मी टाकलीये, माज्या हातानी, विंचूरची माती हाय. काकूंना मी फशिवलं. माजी चूक झाली." आयुष्यात कुणाची माफी न मागणारा माणूस मान खाली घालून उभा होता. सभेत कुजबूज झाली. मला वाटलं, आता काकू रागावतील.

काकू शांतपणे उठल्या. सगळ्या वर्गाला कळेल अशा आवाजात म्हणाल्या, "सर, माती तुम्ही आणलीत हे बरोबर. पण इतकी मोठी जागा सोडून तुम्ही ती नेमकी इथेच का टाकलीत? कुणी टाकवली तुमच्याकडून?"

सर म्हणाले, "नियमात अंतर दिलेलं असतं."

"नियम कुणाचा?" काकूंनी विचारलं, आणि सभा टाळ्यांनी दणाणली. भाऊसाहेबांनी लगेच माइक घेतला आणि वाबळे सरांना बाबांचा आद्य सेवक म्हणून जाहीर केलं. शाल आधीच आणून ठेवली होती, ती दुसऱ्या कुणासाठी तरी होती, पण सरांच्या अंगावर पडली. शाल पांघरून बसलेले सर इतके बिचारे दिसत होते की मी हसू आवरण्यासाठी नकाशाकडे बघत राहिले. दुसऱ्यांच्या श्रद्धेची चेष्टा करण्यात त्यांची हयात गेली होती, आणि आता कुणी त्यांच्या अश्रद्धेची चेष्टासुद्धा करत नव्हतं.

ग्रॅनाइट यायच्या आदल्या दिवशी सरांनी जाहीर केलं, की उद्या सकाळी सगळ्यांसमोर उंचवटा खणून दाखवतो. "खाली काय निघालं तर जलमभर आरती करीन. नाय निघालं तर दगड परत पाठवायचा. उंचवटा मी आठ दिवसांत पुन्यांदा रचतो." भाऊसाहेब नको म्हणतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, खणू द्या. माणूस अनुभवी होता.

सकाळी मी गेले तेव्हा चिक्कार गर्दी. सरांनी बूट काढले, शर्टाच्या बाह्या वर केल्या, कुदळ उचलली आणि घाव घालायच्या आधी लोकांकडे वळून म्हणाले, "आता वरती काळी माती लागंल. एक वीतभर." घाव घातले. काळी माती निघाली, वीतभर. "आता मुरूम." मुरूम निघाला. "आता इटांचे तुकडे. एका बाजूनी हिरवा रंग दिलेले. वसतिगृहाच्या मोरीचे." विटांचे तुकडे निघाले, एका बाजूने हिरवे. सरांनी विजयाने वर पाहिलं.

लोकांनी हात जोडले होते. मागून कुणीतरी म्हणालं, "सरांना जमिनीखालचं सगळं दिसतंय." पुढच्या एका बाईने डोळ्याला पदर लावला.

सर ओरडले, "आरं दिसत नाय, मीच टाकलंय." ते कुणाला ऐकू गेलं नाही, कारण तेवढ्यात काकूंनी वाकून बाहेर पडलेल्या मातीतली मूठभर माती उचलली आणि कपाळाला लावून पिशवीत टाकली. मग सगळेच पुढे आले. रुमाल, डबे, प्लास्टिकच्या पिशव्या, दुधाची रिकामी किटली. जेसीबी ड्रायव्हरही आला होता, त्याने डोक्यावरची टोपी भरून घेतली. कुणी ढकलाढकली केली नाही, रांगेने, अगदी शिस्तीत, वयस्कर माणसांना आधी जागा देत. सर शिट्टी वाजवत होते. त्यांना वाटलं असेल थांबतील, पण शिट्टीने रांग आणखी नीट चालायला लागली. उजेड पूर्ण होईपर्यंत सोळा वर्षं पाणी मारून ठोकलेला उंचवटा कॉलनीतल्या देवघरांत पोचला होता. विटांचे हिरवे तुकडेसुद्धा कुणी ठेवले नाहीत. राहिला गुडघाभर खड्डा आणि भोवती सपाट जमीन.

भाऊसाहेबांनी ती सपाटी पायाने चाचपून पाहिली. म्हणाले, "बाबांचीच इच्छा दिसते, मैदान मोकळं व्हावं. घुमटी आपण गेटजवळ घेऊ, पार्किंगलाही बरं पडेल." आणि ठेकेदाराला फोन लावत निघून गेले.

गावित सरावाची पिशवी घेऊन आला होता. तो खड्ड्याच्या काठावर उभा राहून बराच वेळ आत बघत होता. मग म्हणाला, "सर, आता टाकायचा कुठून?"

 सर खड्ड्यात उभे होते. त्यांनी खाली वाकून कडेला चिकटलेली थोडी काळी माती बोटांनी खरवडली, खिशातून रुमाल काढला, माती त्यात ठेवून गाठ मारली आणि रुमाल खिशात घातला. विंचूरला ती घेऊन गेले, की आणखी कुठे, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून ते रजेवर गेले आणि रजेतूनच निवृत्त झाले. स्टेडियमच्या उद्घाटनाला आले नाहीत. गावित वर्षभर सपाटीवरून टाकत राहिला, मग मांडव सुरू झाले.

पण त्या सकाळी, सरांनी गाठ मारलेली काकूंनी पाहिली. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बघितलंत मॅडम? शेवटी सरांनाही पटलं." त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, खरोखरचा आनंद होता, आणि त्याचा मला जास्त राग आला. त्या हळूहळू खड्ड्याच्या काठाशी गेल्या, गुडघे दुखत असूनही खाली बसल्या आणि वयाने दहा-बारा वर्षांनी मोठ्या असून हात लांब करून त्यांनी सरांच्या अनवाणी पायांना हात लावला. कुणी पायाशी वाकलं की सर एरवी दोन पावलं मागे उडी मारायचे. त्यांनी मागे पाहिलं. खड्ड्यात मागे सरायला जागाच नव्हती.